छोटे रण आणि मोठी चाके

बडोद्याहून निघून अहमदाबादेचा ९३ किलोमीटरांचा द्रुतगती मार्ग ओलांडला, विरमगाम आणि पाटडी मागे टाकली, की भूमीचा स्वभाव हळूहळू पालटू लागतो. शेते विरळ होतात, बाभळी खुजी होतात, आणि झिंझुवाडा गाव आले की मोटार एकदम सोळंकी काळातल्या दगडी वेशीसमोर उभी राहते. त्या वेशींवरचे कोरीवकाम पाहत थोडा वेळ काढावा, हे उत्तम. कारण गावाबाहेर पडताच पाहण्यासारखे असे काही उरत नाही. उरते ते केवळ रण. वर आकाश, खाली भेगाळलेली करडी माती, आणि मधे क्षितिजाची एक थरथरती रेघ.

हे कच्छचे छोटे रण. पावसाळ्यात बनास, सरस्वती, रूपेण या नद्यांचे गोडे पाणी आणि कच्छच्या आखाताचे खारे पाणी येथे एकमेकांत मिसळते. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ते आटू लागते आणि मागे उरतो गाळ. या विस्तीर्ण पटावर अधूनमधून थोडे उंचवटे आहेत. पावसात त्यांभोवती पाणी भरते, म्हणून त्यांस ‘बेट’ म्हणतात. आपलाच शब्द, आपल्याच अर्थाने. समुद्र मात्र वर्षातून चारच महिने! रानगाढवांसाठी, म्हणजे येथल्या ‘घुडखरां’साठी, १९७३ साली या प्रदेशाचे अभयारण्य करण्यात आले. क्षेत्र सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटर. आज हा प्राणी मुख्यत्वे याच भागात उरला आहे.

आम्हांस जावयाचे होते वच्छराज बेटावर. लग्नमंडपातून उठून गाईंच्या सोडवणुकीसाठी धावलेला आणि त्यातच प्राण वेचलेला वच्छराज सोळंकी येथे ‘वच्छडा दादा’ म्हणून पूजिला जातो. आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही सारेच दादा म्हणतो, ते पन्नास वर्षांपूर्वी सरकारी मोजणीच्या कामावर असताना या बेटावर जीपने गेले होते. आता वयाची ब्याऐंशी वर्षे झाली. गुडघे कुरकुरतात, साखर आहे, इन्सुलिन चालू आहे. “एकदा ते बेट पुन्हा पाहावे,” असे ते २०२४ च्या दिवाळीत फराळाच्या ताटावर सहज बोलले. पुतण्याने ते उचलून धरले, कारण त्याने नुकतीच एक मोठी, महागडी, चारही चाकांस जोर देणारी मोटार घेतली होती. ती कोणत्या कारखान्याची, हे सांगण्याचे कारण नाही. पुढे जे घडले त्यात दोष मोटारीचा नव्हता. आमच्या निवडीचा आणि घाईचा होता.

त्या मोटारीची चाके बावीस इंची होती. रस्त्यावर ती फार शोभत. चकाकणारी भलीमोठी रिम आणि तिच्याभोवती टायरचा एक बारीकसा काळा काठ. दांडिया बाजारातल्या आमच्या घरासमोर ती उभी राहिली की येणारेजाणारे थबकत. दादांनी मात्र त्या काठाकडे पाहिले आणि “टायर कुठे आहे?” एवढेच विचारले. आम्ही हसलो.

परवानगी काढून झिंझुवाड्यास पोचेपर्यंत दुपारचे चार वाजून गेले होते. बेटावर अर्ध्या तासात पोचू, तेथे प्रसादाचे जेवण घेऊ, असा हिशेब बांधून दादांनी वेशीपाशीच आपले इंजेक्शन घेतले. घाईतली ही दुसरी चूक. रोजच्या वाहनांची चाकोरी मळलेली होती, पण खडबडीत. तिच्या बाजूचा पट्टा तळहातासारखा सपाट दिसत होता. पुतण्याने मोटार त्या सपाटीवर घेतली. शंभर पावलेही झाली नसतील, तोच वरचा वाळका पापुद्रा फुटला आणि खालचा ओला गाळ चाकांनी वर उडू लागला. त्याने जोर वाढवला, चाके फिरली, आणि जितकी फिरली तितकी खाली गेली. थोड्याच वेळात मोटारीचे पोट मातीला टेकले.

रणाचे हे मर्म तेथे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावयास हवे. कार्तिकात वरचा थर वाळतो, पण खालचा गाळ पुढे कित्येक आठवडे ओला असतो. जेथे वाहने रोज जातात तेथली माती दबून घट्ट झालेली असते; जे सुंदर आणि अस्पर्श दिसते तेच फसवते.

उजेड उतरू लागला. दूरध्वनीला संपर्क नव्हता. दादा काही बोलत नव्हते, पण त्यांच्या कपाळावर घाम आलेला आणि बोटे थरथरत असलेली आम्ही पाहिली. इंजेक्शन घेऊन तास होत आला होता आणि पोटात अन्न नव्हते. डब्यातली चार बिस्किटे दिली, पण तेवढ्याने काय होणार! त्या क्षणी लाखो रुपयांची ती मोटार आम्हांस एखाद्या लोखंडी पेटीसारखी वाटली.

इतक्यात मोटारसायकलीचा आवाज आला. मिठागरावरचा एक आगरिया घरी चालला होता. आपल्या कोकणात मिठागरास ‘आगर’ म्हणतात. हा शब्दही त्याच कुळातला. त्याने परिस्थिती पाहिली, आणि आधी मोटारीकडे न वळता दादांस मागे बसवून आपल्या झोपडीकडे नेले. त्याच्या बायकोने गोड चहा केला, बाजरीचा रोटला आणि गूळ पुढे ठेवला. आम्ही धावतपळत तेथे पोचलो तेव्हा दादांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता, आणि ते त्या माउलीशी गुजरातीत मिठाच्या भावाविषयी बोलत होते.

मग तो माणूस मोटारीपाशी आला. चाकावर अंगठा दाबून म्हणाला, “आटली बधी हवा शुं काम? हवा काढी नाखो, साहेब.” टायरांत छत्तीस पौंड हवा होती, त्याने ती निम्मी करविली. चाकांमागची माती फावड्याने उतरती खोदली, गोणपाटे अंथरली, आणि ज्या वाटेने आत शिरलो त्याच वाटेने मोटार मागे घ्यावयास सांगितले. दोन-तीन झटक्यांत ती सुटली. त्याने पैसे घेतले नाहीत. “पाछा आवजो,” इतकेच म्हणाला.

पण प्रकरण तेथे संपले नाही. अंधार पडला होता, म्हणून हवा पुन्हा न भरताच आम्ही किनाऱ्याकडे निघालो. काठावरच्या दगडांवर चढताना उजवे पुढचे चाक ‘खण्ण’ असे वाजले. उतरून पाहिले तो रिमची कड वाकलेली आणि टायर बाजूस दोन बोटे चिरलेला. तळाचे पंक्चर ठिगळाने निघते. बाजूची चीर निघत नाही. स्टेपनीही पूर्ण मापाची नव्हती, तात्पुरती बारीक चकती होती. ती चढवून, ताशी ऐंशीच्या आत, पहाटे आम्ही बडोद्यास पोचलो. बेट दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दादांनी लग्नपत्रिकेचा एक कोरा पाठभाग घेतला, पेन्सिल घेतली, आणि मुलास समोर बसविले. ती शिकवणी आम्ही येथे देतो, कारण ज्यांच्या घरी मुलानातवंडांनी अशी वाहने घेतली आहेत, त्यांस ती उपयोगी पडेल.

“तुझ्या टायरवर काय लिहिले आहे? २७५/४५ आर २२. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरांत. दुसरा, बाजूची उंची रुंदीच्या शेकडा किती. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे तुझ्या टायरची बाजू किती उंच? २७५ चे शेकडा ४५, म्हणजे १२४ मिलिमीटर. आता याच मोटारीस कारखाना १९ इंची चाकेही देतो. त्यांचे टायर २५५/६५. त्यांची बाजू १६६ मिलिमीटर. दोन बोटे रबर जास्त! आणि पूर्ण चाकाचा व्यास? बावीसवाल्याचा ८०६, एकोणीसवाल्याचा ८१४. जवळजवळ तोच. म्हणजे मोठी रिम घेऊन चाक मोठे झाले नाही. रबर कमी झाले आणि धातू वाढला.”

“पण बाबा, रुंद टायर मऊ जमिनीवर चांगला ना?” पुतण्याने विचारले.

“वीस मिलिमीटरांनी काय होते? खरी जागा हवेने मिळते. एका चाकावर सहाशे किलो भार धर. छत्तीस पौंड हवेवर टायर जमिनीला स्थूलमानाने दोन पोस्टकार्डांइतका टेकतो. अठरा पौंडांवर चार पोस्टकार्डांइतका. तो रुंदीने थोडा आणि लांबीने फार पसरतो. पण पसरायला बाजूला उंची हवी. ती नसेल तर हवा काढताच रिम दगडाच्या हाताशी येते, आणि मधे सापडलेला टायर चिरतो. परवा तेच झाले.”

“मग तुमची जीप कशी जात होती? तिचे टायर तर अगदी अरुंद.”

“तिचे टायर सहा इंची, रिम सोळाची. पण जीपचे वजन तुझ्या मोटारीच्या निम्म्याहूनही कमी, आणि टायरची बाजू रुंदीइतकीच उंच. १९७० साली पहिली रेंज रोव्हर निघाली, तीही सोळा इंची चाकांवर, २०५ च्या टायरांवर. आज तिला तेवीस इंचांपर्यंत चाके मिळतात. माती मात्र तीच आहे.”

यानंतर पुतण्याने चौकशी करून जे ठरविले ते असे. चाक कारखान्याने मान्य केलेल्या मापांतले सर्वांत लहान घ्यावे. त्याहून लहान रिम ब्रेकच्या सांगाड्यावर चढत नाही, हे ध्यानात असावे. टायरचा पूर्ण व्यास मूळ मापाच्या जवळ राखावा. फार मोठा घेतल्यास वळताना तो मडगार्डाला घासतो आणि वेगाचा काटा खोटे बोलतो. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत, नाहीतर चारही चाकांना जोर देणाऱ्या दातेचक्रांवर ताण पडतो. टायरवर लिहिलेली भार पेलण्याची क्षमता मूळच्यापेक्षा कमी नसावी. नक्षी मध्यम खोल, रस्ता आणि माती दोहोंस चालणारी घ्यावी. आणि स्टेपनी पूर्ण मापाची हवीच. यांतल्या प्रत्येक गोष्टीची किंमत आहे. उंच टायरावर मोटार वळणात थोडी झुलते, आणि महामार्गावर खोल नक्षीची घरघर ऐकू येते. जो कधी डांबर सोडणारच नाही त्याने बावीस इंची चाके खुशाल मिरवावी.

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस सकाळी आठाला झिंझुवाडा सोडले. डबा भरलेला, फावडे आणि गोणपाटे मागे, हवा भरण्याचा छोटा पंप पायाशी. वेशीबाहेर थांबून हवा बावीस पौंडांवर आणली. इतक्या हवेवर वेग बेताचा ठेवावा आणि वळण एकदम मारू नये, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. पुतण्या ते तोंडपाठ म्हणत होता. चाकोरी त्याने एकदाही सोडली नाही. ती सोडू नये याला आणखीही कारण आहे. ओल्या रणात उमटलेला चरा पुढच्या पावसापर्यंत पुसला जात नाही, आणि ज्या सपाटीवर आपण मौजेने वर्तुळे काढतो तेथे कोणाचे तरी घरटे असते. वाटेत घुडखरांचा एक कळप दिसला. बदामी अंगाचे, पोटाशी पांढरे, पाठीवर गडद रेघ. त्यांनी माना वळवून आमच्याकडे पाहिले आणि चरू लागले. २०२४ च्या गणनेत ते ७,६७२ भरले होते.

बेट आले. बेटाचा चढ असा तो केवढा! पण सपाटीनंतर तो डोंगरासारखा वाटतो. देवळाभोवती गाईच गाई. दादा काठी टेकीत देवापुढे गेले, बराच वेळ उभे राहिले. मग बाहेर येऊन एका कडुनिंबाखाली बसले आणि म्हणाले, “तेव्हा येथे इतकी माणसे नव्हती.” त्यांस आणखी काही सांगावयाचे होते असे वाटले, पण ते गाईंकडे पाहत राहिले आणि आम्हीही विचारले नाही.

परतताना त्या आगरियाकडे गेलो. वहिनींनी त्याच्या बायकोसाठी साडी आणि तिळाच्या वड्या दिल्या होत्या. त्याची मिठाची खाचरे आता पांढरी होऊ लागली होती. पंप सूर्याच्या शक्तीवर चालू होता. पूर्वी डिझेलचा पैसा मिठातून कापला जाई, तो आता वाचतो, असे तो म्हणाला. त्याने पुढे येऊन पहिल्याने चाकावर अंगठा दाबला, मान डोलावली, आणि मगच राम राम केला. निघताना मिठाची एक पिशवी दादांच्या मांडीवर ठेवली.

किनाऱ्यावर पोचताच, दगड येण्याआधी, पुतण्याने टायरांत हवा पूर्ण भरली. घरी आल्यावर मोटारीचे पोट गोड्या पाण्याने दोनदा धुतले, कारण रणाची खारट माती लोखंड खाते.

ती बावीस इंची चाके आता आमच्या घराच्या ओसरीत एकावर एक रचून ठेवली आहेत. विकू म्हणतो, पण विकत नाही. तूर्त वहिनी त्यांवर वाळवणाची परात ठेवतात. उंची अगदी बरोबर आहे, असे त्या म्हणतात.