शिखरजीच्या वाटेवर

सम्मेद शिखरजीच्या वंदनेस मोटारसायकलीवरून जाण्याचा बेत घरात सांगितला, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "मुनी महाराज ज्या वाटेने पायी जातात, त्या वाटेने तुम्ही धुरळा उडवत जाणार. याला यात्रा म्हणायचे का रे?" गुडघ्यांच्या दुखण्याने तिची स्वतःची वंदना राहून गेली होती. तिच्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते.

माघ महिन्यात आम्ही जयसिंगपूरहून निघालो. चार मोटारसायकली आणि सहा जण: मी व माझी पत्नी, थोरले बंधू अण्णा व त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा, आणि पेठेतले दोन व्यापारी मित्र. अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी गाळण्यासाठी स्वच्छ फडकी बांधून दिली. शिवाय एक नियम घातला, सूर्यास्तापूर्वी गाड्या थांबल्याच पाहिजेत. रात्रिभोजनाचा त्याग होताच. पण अंधारात दिव्याच्या प्रकाशाकडे झेपावणारे जीव गाडीवर आपटून मरतात, हेही तिच्या मनात होते.

पहिला मुक्काम कुंथलगिरीस झाला. कुलभूषण व देशभूषण मुनींच्या या सिद्धक्षेत्री आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखनापूर्वक देह ठेवला. पुढे नांदेड, यवतमाळ करीत रामटेकला शांतिनाथ भगवंतांचे दर्शन घेतले. त्यानंतर डोंगरगड गाठायचे होते. आमच्या गावापासून जवळच असलेल्या सदलग्यात जन्मलेले आचार्य विद्यासागर महाराज २०२४ च्या फेब्रुवारीत तेथे समाधिस्थ झाले.

देवरीच्या अलीकडे, दुपार कलताना, महामार्गाच्या कडेने तीन दिगंबर मुनी विहार करताना दिसले. हातात पिच्छी व कमंडलू, दृष्टी चार हात पुढच्या जमिनीवर. सोबत दोनच श्रावक होते. मालाने भरलेले ट्रक त्यांच्या अगदी जवळून जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी उठणारा वारा त्यांच्या अंगावर आदळत होता.

आम्ही उतरून नमोस्तु केले. शिखरजीस निघालो आहोत असे सांगताच महाराजांनी विचारले, "किती दिवसांत पोहोचाल?"

"चार दिवसांत."

"आम्हीही तिकडेच निघालो आहोत," ते हसून म्हणाले, "चातुर्मासापूर्वी पोहोचू."

अण्णांनी कोणाला काही विचारले नाही. आपली गाडी मुनिसंघाच्या मागे घेतली, इंडिकेटर लावले आणि पायी चालणाऱ्याच्या वेगाने हाकू लागले. आम्ही बाकीच्या गाड्या त्यांच्या मागे लावल्या. मागून येणारे ट्रक आता दुरूनच बाजूला होऊ लागले. मुनींच्या मुक्कामाची शाळा येईपर्यंत सव्वा तास गेला. डोंगरगड त्या दिवशी राहिले. देवरीत खोली मिळाली तेव्हा सूर्य मावळला होता; त्यामुळे सर्वांनाच उपाशी झोपावे लागले. पुतण्याने तक्रार केली नाही, हे मला आजही विशेष वाटते.

दुसऱ्या दिवशी डोंगरगडी समाधिस्थळी माथा टेकवला आणि रायपूर, रांचीमार्गे मधुबनला पोहोचलो. तेथे गाड्या ठेवल्या आणि पहाटेच्या अंधारात चढू लागलो. नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना, नऊ किलोमीटर उतार. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या या पर्वतावर पार्श्वनाथांच्या टोंकेपाशी पोहोचलो, तेव्हा खालचे जंगल धुक्यात होते. मी आईच्या नावाने अर्घ्य वाहिले.

घरी परतल्यावर पर्वताचे वर्णन ऐकून आईने हात जोडले. देवरीची हकीकत मात्र तिने दोनदा ऐकली. मग विचारले, "तुम्ही पुढे निघून गेल्यावर त्यांच्या मागे कोण होते?"

याचेही उत्तर आमच्याकडे नव्हते. पण वाचकहो, आपल्या पेढ्यांचा माल याच महामार्गांवरून जातो. आम्ही तिघा व्यापाऱ्यांनी आमच्या मालाच्या सर्व गाड्यांच्या चालकांना सांगून ठेवले आहे: रस्त्याच्या कडेने मुनी अथवा आर्यिका चालताना दिसल्या, तर वेग कमी करा, हॉर्न वाजवू नका, अंतर ठेवून जा, माल तासभर उशिरा आला तरी चालेल. आपणही आपल्या चालकांना एवढे सांगावे, ही विनंती.