सरमेची पाठवणी

एखाद्या वस्तूचा सौदा फसला, तर ती दुकानदारास परत करून मनुष्य मोकळा होतो. पण विकत घेतलेली वस्तु जिवंत असेल, तर फसलेल्या सौद्याचा हिशेब कोणीं व कसा मिटवावा, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्या घरीं उभा राहिला. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें. कारण तींत विक्रेत्याच्या फसवणुकीपेक्षां माझ्या स्वतःच्या लबाडीचा भाग अधिक बोधप्रद आहे.

नातवानें हट्ट धरला आणि थोरल्या चिरंजीवांनीं मोबाइलवरील एक जाहिरात पाहून लॅब्राडॉर जातीचें मादी पिल्लूं आणलें. "आठ आठवड्यांचें, निरोगी, उत्तम कुळांतलें," असें सांगून विक्रेत्यानें पंचवीस हजार रुपये घेतले. जन्मभर संस्कृत शिकविल्यामुळें नामकरणाचा मान मजकडे आला. पणींच्या आमिषास न भुलणारी ऋग्वेदांतील जी देवशुनी, तिचें 'सरमा' हें नांव मीं ठेविलें. दुसऱ्याच दिवशीं पशुवैद्यांनीं दांत पाहून सांगितलें कीं, पिल्लूं फार तर पांच आठवड्यांचें आहे. वस्तुतः २०१७ सालच्या नियमांप्रमाणें ८ आठवड्यांच्या आंतलें पिल्लूं विकतां येत नाहीं, आणि पैदास करणाऱ्यानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. हें आम्हीं घेण्यापूर्वीं विचारावयाचें, तें विचारलें मागाहून.

सहा महिन्यांत सरमा घरांतल्या नऊही माणसांची झाली. मग एके दिवशीं ती मागचे दोन्ही पाय जुळवून सशासारख्या उड्या घेत चालूं लागली. क्ष-किरण चित्रांत दिसलें कीं, मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोबणींत नीट बसलेलाच नाहीं. हा दोष या जातींत पुष्कळदां आनुवंशिक असतो. वजन वाढूं न देणें, निसरडी फरशी व जिने टाळणें, हें त्याचें मुख्य पथ्य. आमचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाहीं. चिरंजीव फिरतीवर, माझे गुडघे निकामी. बावीस किलोंचें जनावर दिवसांतून चार वेळां उचलून कोणीं न्यावें?

विक्रेत्यास कळविलें. तो म्हणाला, "परत आणा, दुसरं पिल्लू देतो. कंबर कशी का असेना, ही वेतं काढायला चालेल." म्हणजे तोच दोष घेऊन जन्मणारीं पिल्लें आणि आमच्यासारखींच फसणारीं घरें! एका शेजाऱ्यांनीं सुचविलें, "गांवाबाहेरच्या देवळापाशीं सोडून या, कोणी ना कोणी तुकडा घालतोच." जनावरास अन्नपाण्यावांचून हाल होतील अशा स्थितींत टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें अपराध आहे, हें खरेंच. पण मला आठवली ती आदिपर्वांतील कथा. जनमेजयाच्या भावांनीं यज्ञभूमीवर सरमेच्या पोरास मारलें. तेव्हां तिनें येऊन विचारलें कीं, यानें हवि चाटलें नाहीं, तिकडे पाहिलेंहि नाहीं, मग यास कां मारलें? कोणापाशीं उत्तर नव्हतें. विक्रेत्याचें कपट, आमची घाई, आणि शिक्षा मात्र मुक्या जनावरास, यालाहि उत्तर नव्हतें.

तेव्हां ठरलें कीं, पैशांचा तंटा चिरंजीवांनीं वेगळा चालवावा. त्यापायीं जनावरास ओलीस धरूं नये. तिच्यासाठीं तळमजल्याचें, अंगण असलेलें घर शोधावें. जाहिरात लिहिण्याचें काम अर्थातच माझ्याकडे. मीं लिहिलें, 'सुलक्षणी, लाघवी कुत्री; प्रकृति किंचित् नाजूक; केवळ जागेच्या अडचणीमुळें देणें आहे.' धाकट्या सुनेनें तें वाचलें व हळूच म्हणाली, "मामंजी, हे त्या विकणाऱ्यानेच लिहिल्यासारखे वाटते."

मी चपापलों. चौतीस वर्षें मुलांचे निबंध तपासले, पण माझ्या लेखनावर इतकी अचूक लाल रेघ कोणीं ओढली नव्हती. त्यानें पैशासाठीं लपविलें, मी सुटकेसाठीं लपवीत होतों. एवढाच काय तो फरक. शिवाय खरें कळल्यावर नव्या धन्यानें तिला पुन्हां बाहेर काढलें असतें, कदाचित् रस्त्यावरच.

मीं तो कागद फाडला आणि दोष, औषधांचा खर्च, पुढें शस्त्रक्रिया लागण्याचा संभव, सारें स्पष्ट लिहिलें. सात जणांनीं चौकशी केली. क्ष-किरण चित्र पाहून सहा जणांनीं माघार घेतली. सातवें जोडपें वाईचें, सेवानिवृत्त. त्यांच्या आधींच्या कुत्र्यास हेंच दुखणें होतें. चिरंजीव प्रथम त्यांचें घर पाहून आले. मग पशुवैद्यांच्या सल्ल्यानें सरमेची वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करविली, म्हणजे तिचा दोष पुढें जावयास नको आणि तिच्यापासून पैसा करण्याचा मोहहि कोणास नको. आम्हीं एक पैहि घेतली नाहीं. लसीकरणाची वही, चित्रें, आहाराची यादी आणि तिची जुनी गोधडी सोबत दिली. एक अट मात्र लिहून घेतली. सांभाळणें कधीं अशक्य झालें, तर तिसऱ्यास न देतां आम्हांसच कळवावें.

निघण्याच्या सकाळीं नातवानें विचारलें, "आजोबा, आपण तिला टाकलं असं वाटेल का तिला?"

"कांहीं दिवस वाटेल, बाळ," मी म्हणालों. गोड खोटें बोलण्याची माझी छाती आतां उरली नव्हती.

तसेंच झालें. पहिले चार दिवस ती फाटकाशीं बसून होती. आतां ओसरीवर निजते, आणि कृष्णाकांठच्या सपाट वाटेनें हळूहळू फिरून येते. लंगडणें आहेच. नातू सुटींत तिला भेटून येतो. विक्रेत्याकडून पैसे अद्याप आलेले नाहींत.

असा प्रसंग कोणाच्याहि घरीं येऊं शकतो. ज्यांच्यावर येईल त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, सांभाळतां न येणारें जनावर योग्य हातीं देण्यांत कमीपणा नाहीं. पण आपणांस ज्यानें फसविलें, त्याचेंच वाक्य आपल्या लेखणींतून उतरत नाहीं ना, एवढें एकदां घरांतल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावें.