मुशीचे वय

आमच्या गावच्या बैलबाजारात बैलाचे वय कोणी मालकास विचारीत नसे. पारखी माणूस जबडा उघडी आणि ‘चार दाती’, ‘सहा दाती’, ‘जुळलेला’ असा निवाडा देऊन मोकळा होई. शार्क माशापुढे, म्हणजे कोकणात ज्याला मुशी म्हणतात त्याच्यापुढे, ही विद्या लंगडी पडते. मुशीचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येत राहतात. इतर माशांच्या कानांत खड्यासारखी गाठ असते व तिच्यावर वर्षावर्षाचे थर चढतात. मुशीजवळ तसा पक्का खडाही नाही.

संशोधकांनी मग तिच्या पाठीचे मणके हाती घेतले. मणक्याच्या पातळ कापावर फिकट व गडद पट्टे दिसतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष, असा हिशेब. परंतु म्हातारपणी वाढ मंदावते, पट्टे उमटेनासे होतात आणि वय कमी भरते.

ग्रीनलंडच्या थंड समुद्रातील मुशीने तर याहून कडी केली. ती वर्षाला एक सेंटिमीटरही वाढत नाही आणि तिचे मऊ मणके काहीच सांगत नाहीत. अखेर 2016 साली ज्यूलिअस नील्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर शोधले ते तिच्या डोळ्यात. डोळ्याच्या भिंगाचा गाभा पिल्लू आईच्या पोटात असतानाच घडतो आणि पुढे बदलत नाही. त्यातील किरणोत्सारी कार्बन त्यांनी मोजला. 1950 नंतरच्या अणुचाचण्यांनी समुद्रात वाढविलेल्या कार्बनाची खूण अगदी लहान मुशींतच सापडली. मोठ्या त्यापूर्वीच्या ठरल्या. तपासलेल्या 28 माद्यांपैकी सर्वांत मोठी पाच मीटरांची. तिचे वय सुमारे 392 वर्षे निघाले. यात 120 वर्षे इकडेतिकडे होऊ शकतील, हेही त्यांनीच सांगून टाकले. हा प्रांजळपणा मला त्या आकड्याहून अधिक भावला. तथापि मधला आकडा धरून पाहा: शिवछत्रपतींचा जन्म 1630 चा, आणि ही मुशी त्याआधीच पोहत होती!

मनाला चटका लावते ती गोष्ट निराळीच. ही मादी वयात येते सुमारे दीडशे वर्षांनी. एके काळी यकृताच्या तेलासाठी या मुशींची मोठी शिकार झाली. आजही दुसऱ्याच मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यांत त्या सापडतात. जाळ्यात आलेली तीन मीटरांची मुशी दिसायला केवढी थोरली! कदाचित कोळ्याच्या आजोबांहूनही वडील. पण तिने अजून एकही पिल्लू दिलेले नसते, आणि तिच्या जागी दुसरी मादी तयार होईपर्यंत त्या कोळ्याच्या घरात पाच-सहा पिढ्या उलटतात.