सुई टोचण्याआधी

जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या असतो हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. तरी शेतीची वीज रात्री आली की माणूस बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातोच. तोच माणूस दाढेत सिमेंट भरायला म्हणून दवाखान्यात येतो आणि 'कीड आत गेलीय, रूट कॅनॉल करावं लागेल' एवढं ऐकलं की त्याच्या तळहाताला घाम सुटतो. त्याला भित्रा म्हणणं हा आम्हा दाताच्या डॉक्टरांचा आळस आहे. शेतात त्याचे पाय मोकळे असतात, ओरडता येतं. खुर्चीत तो उताणा, तोंड उघडं, बोलती बंद, आणि काम चाललेलं असतं त्याला न दिसणाऱ्या जागी. दुखण्याच्या भीतीइतकीच ही भीती आपलं काही चालत नाही याची असते, आणि ती कमी करणं हा आमच्या कामाचाच भाग आहे.

यावर पेशंट म्हणतात, 'पण मागच्या वेळी खरंच दुखलं होतं.' दुखलं असणार. दाताच्या वरच्या कडक थराला संवेदना नसते, त्यामुळे कीड बराच काळ गुपचूप आत सरकते. नंतर गार पाण्याने कळ येऊ लागते. तेव्हा कुणी लवंग धरतं, कुणी मेडिकलमधून गोळी आणतं, बायका मिश्री लावतात. मिश्रीतल्या तंबाखूने ठणका थोडा दबतो आणि हिरड्यांची वाट लागते. गाल सुजल्यावर दवाखाना आठवतो. सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथे बधिर करणारं औषध नसेत पुरतं शिरत नाही. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेलं लिग्नोकेन आजही आमचं मुख्य हत्यार आहे आणि ते उत्तम काम करतं, पण सुजेपुढे तेही कमी पडतं. म्हणजे भीतीने उशीर होतो, उशिराने इंजेक्शन कमी लागू पडतं आणि भीती खरी ठरते. त्यात इंजेक्शनमधल्या ॲड्रेनलिनने काही मिनिटं छाती धडधडते. ते आधी सांगितलं नाही, तर आपल्याला काहीतरी होतंय असंच माणसाला वाटणार.

म्हणून माझं मत असं, की अचानक निघालेलं मोठं काम त्याच क्षणी सुरू करू नये. एक्स-रे दाखवावा, किती वेळा यावं लागेल आणि किती पैसे लागतील ते सांगावं, त्या दिवशी ठणका थांबेल एवढंच करावं. हात वर केला की मशीन थांबेल असं कबूल करावं आणि खरोखर थांबवावं. एकदा जरी 'झालंच, झालंच' म्हणत मशीन चालू ठेवलं, तर पुढच्या कुठल्याही शब्दाला किंमत उरत नाही.

याला खरा आक्षेप आंबेगावच्या पश्चिम भागातून येतो. आहुप्यासारख्या गावातून घोडेगावला यायचं म्हणजे एसटीची वेळ गाठायची आणि दिवसाची मजुरी सोडायची; तिथल्या माणसाला 'विचार करून परत या' म्हणणं ही दया नव्हे. मान्य आहे. पण त्यालाही दहा मिनिटं देऊन, आज किती उरकेल आणि काय राहील, हे त्यालाच ठरवू देता येतं. रूट कॅनॉल परवडत नसेल तर दाढ काढणं हाही पर्याय असतो, तो लपवू नये. (वरची दाढ काढली की नजर जाते ही समजूत खोटी; डोळ्याची नस वेगळी.) गरज नसताना रूट कॅनॉल गळ्यात मारतात, हा संशयही अगदीच बिनबुडाचा नाही. त्यावर चिडण्यापेक्षा एक्स-रे हातात देऊन 'दुसरीकडे विचारा' म्हणणं सोपं.

तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच 'मला भीती वाटते' असं सांगा. हात वर केल्यावर थांबणार का, ते विचारा. उत्तर टाळलं तर उठा. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, जुन्नर, सगळीकडे दाताचे दवाखाने आहेत. फक्त गाल सुजून ताप आला असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळताना त्रास होत असेल, तर दवाखाना निवडत बसू नका. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा.