आधी सांडशी

आमच्या गावच्या लोहारमेटाचा भाता १९८७ च्या दिवाळीनंतर बंद पडला. आण्णा लोहारांची दोन्ही पोरं शिरोलीच्या फौंड्रीत लागली होती. एकट्या म्हाताऱ्यानं भाता ओढायचा का घण मारायचा, असं गाव म्हणायचं. पण खरं कारण आमच्या घरातही होतं. बाजारात तयार खुरपी, विळे मिळायला लागले तसं आम्ही त्यांचं बलुतं आधी निम्मं केलं, मग बंदच केलं. सुगीला भाताचं एक पोतं आणि गुऱ्हाळाच्या वेळी गुळाची एक ढेप, एवढंच असायचं ते.

तयार खुरप्याचं पितळ पहिल्याच पावसाळ्यात उघडं पडलं. आमचं रान काळं. उसाच्या सरीतला लव्हाळा काढताना पातं वाकायचं. आई ते दगडावर ठोकून सरळ करायची आणि पुन्हा भांगलायला बसायची. रात्री तिच्या तळव्याला फोड. शेवटी मी आणि चुलतभावानं ठरवलं, खुरपं आपणच करायचं. परड्यात खड्डा काढला, त्यात पाईप सोडला, भंगारातला हातानं फिरवायचा पंखा जोडला. रेल्वे रुळाचा हातभर तुकडा चिंचेच्या ओंडक्यात बसवला. जीपच्या पाट्याचं एक पान मिळालं. आता काय, ठोकायचं!

पकडीत धरलेला लालभडक तुकडा पहिल्याच घावाला निसटला आणि वैरणीत जाऊन पडला. गंजी थोडक्यात वाचली.

मग तोंड लपवत आण्णांकडं गेलो. बलुत्याचं ते काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "सांडशी हाय काय?"

"न्हाई."

"मग आधी सांडशी कर. खुरपं मागनं."

दोन गजांची तोंडं चपटी केली, मधे तापवून भोक पाडलं, रिबीट मारलं. झाली सांडशी, पण उघडेचना. पुन्हा आण्णा. "सांधा लाल कर, आनि गार हुईस्तवर उघडझाप करत बस," म्हणाले. सुटली की! एवढ्यात तीन दिवस गेले.

खुरप्याचं पहिलं पातं जळालं. लोखंडातनं फुलबाज्या उडाल्या की ते मेलं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही कौतुकानं बघत बसलो. दुसरं जमलं. लाल करून सगळंच्या सगळं बादलीत बुडवलं. कानस लावली तर नुसती घसरत होती, पातं खाईचना. लई फुशारकी वाटली. मूठ बसवून आईच्या हातात दिलं.

तिसऱ्या सरीत खडा लागला आणि पातं मानेपाशी काडीसारखं मोडलं. तुकडा उडून तिच्या अंगठ्याच्या बुडात घुसला. तिनं पदराची चिंधी फाडून बांधली आणि म्हणाली, "कडक झालंय, एवढंच."

त्या दिवशी तिन्हीसांजेला आण्णा काठी टेकत स्वतःच आले. भर उजेडात लोखंडाचा रंग फसवतो, म्हणून ही वेळ. पाट्याला पाणी सोसत नाही, त्याला तेल दे, म्हणाले. आईनं शेंगतेलाचा डबा काढून दिला. तिसरं पातं लाल झालं तशी आण्णांनी फक्त धार तेलात धरली. मग विटेच्या तुकड्यानं घासून ती पांढरी केली आणि पातं पुन्हा निखाऱ्याजवळ नेलं. धारेवर आधी वाळल्या काडाचा पिवळा रंग आला, मग तपकिरी, मग वांग्याचा. वांगी दिसल्याबरोबर तेलात. "हितं थांबायचं. निळं झालं तर मऊ पडतंय," म्हणाले. ही गोष्ट त्यांच्या पोरांनी त्यांना कधी विचारली नव्हती.

ते खुरपं आईनं झिजून बोटभर होईपर्यंत वापरलं.

त्या सुगीला मी भाताचं पोतं घेऊन त्यांच्या दारात गेलो. आण्णांनी ते उंबऱ्याच्या आत घ्यायला लावलं आणि म्हणाले, "हे आवंदाचं झालं. मागल्या चार वर्सांचं?"

चुलतभाऊ हसला. मला हसू आलं नाही. घरी येऊन मी आईला विचारलं, कणगीत भात किती शिल्लक आहे.