हँगरवरचे दोन गणवेश



आमच्या इस्त्रीवाल्याला माझ्या मुलाचं कोडं सुटत नाही. वर्षभर तो घाटकोपरच्या आमच्या घरून पांढरे शर्ट नेतो. मग मध्येच हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे जाडे कपडे येतात. "भाभी, साहब ने नौकरी बदली क्या?" त्याने एकदा विचारलंच.

नोकरी बदललेली नाही. मुलगा एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे आणि टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे प्रादेशिक सेनेत, लेफ्टनंट. दोन्ही एकाच वेळी.

ही सेना 1948 च्या कायद्याने झाली. 9 ऑक्टोबर 1949 ला राजाजींनी तिचं उद्घाटन केलं. तिची अट मला आधी गंमतीची वाटली होती: तुमचा स्वतःचा पोटापाण्याचा उद्योग हवा, तरच अधिकारी व्हा. एरवी नोकरी करा, वर्षातून दोन महिने शिबिराला या आणि देशाने बोलावलं तर निघा. पहिल्या वर्षी आणखी एक महिना प्राथमिक प्रशिक्षण, आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिने डेहराडूनला.

ऐकायला सोपं आहे. पण पायलटचं लायसन्स म्हणजे आंबवलेल्या पिठासारखं, त्याकडे लक्ष ठेवावंच लागतं. 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा, शिवाय मेडिकल. त्यामुळे शिबिराची तारीख आली की आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजणं सुरू होतं. सैन्यात बोलावल्यास नोकरी परत देण्याचं कलम कायद्यात आहे. पण रोस्टर लावणाऱ्याचा चेहरा कायद्याने हसरा होत नाही. पायलटच्या पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो. शिबिरात लष्कराचा पगार मिळतो, पण घराचा हप्ता विमानाच्या पगारावर बेतलेला. त्या दोन महिन्यांत आम्ही हात आखडून राहतो.

पैशाचं जमवता आलं. मनाचं जमवायला मला वेळ लागला.

त्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आपल्या घरात बंदूक?" मी तेही म्हटलं नाही. आठ दिवस त्याच्याशी धड बोललेच नाही. चांदिवलीचे कॅप्टन दीपक साठे माझ्या डोळ्यांसमोर होते. हवाई दलात विंग कमांडर, मग प्रवासी विमानांचे पायलट, आणि 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडच्या धावपट्टीवर गेले. त्यांनी दोन आयुष्यं एकामागून एक जगली. माझ्या मुलाला दोन्ही एकदम हवी होती. एक काळजी कमी होती का?

त्या चातुर्मासात स्थानकात महासतीजींनी भगवती सूत्रातली वरुणाची गोष्ट सांगितली. वैशालीचा हा श्रावक. बेल्याचा उपवास चालू असताना राजा चेटकाचं युद्धाचं बोलावणं आलं. त्याने पारणं केलं नाही आणि युद्धही टाळलं नाही. बेल्याचा तेला केला आणि रथावर चढला. नियम एकच घेतला: जो आधी वार करेल, त्याच्यावरच वार करायचा. तसंच झालं. समोरच्याने आधी बाण मारला, मग याने. घायाळ होऊन तो बाजूला गेला, गवताचं आसन केलं आणि संथारा घेतला. युद्धात मेला की स्वर्ग मिळतो, हे लोकांचं म्हणणं भगवान महावीरांनी तिथेच नाकारलं आहे. वरुणाची सद्गती झाली ती त्याच्या व्रतांमुळे आणि शेवटच्या आलोचनेमुळे.

मी घरी येऊन भाजी निवडत बसले, पण वरुण डोक्यातून जाईना. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायचीच, पण स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या रक्षणासाठी घडते ती विरोधी हिंसा वेगळी मोजतात, हे पाठशाळेत मीच मुलांना शिकवते. दुसऱ्यांच्या मुलांना.

मग आला मे 2025. उत्तर आणि पश्चिमेकडचे 32 विमानतळ बंद झाले. त्याची फ्लाइट रद्द, तो घरी. त्याच दिवसांत बातमी आली की प्रादेशिक सेनेच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला आहे, आणि पायदळाच्या 32 पैकी 14 बटालियन उतरवता येतील. पांढरा शर्ट हँगरवरच होता. ठिपक्यांचा त्याने स्वतः काढून घडी घातली. मी सामायिकाला बसले. त्या 48 मिनिटांत माळेचे मणी किती सरकले ते आठवत नाही, कान फोनकडे होते. तो शांतपणे आजीबरोबर सूर्यास्ताआधी जेवला. मी विचारलं, "बोलावलं तर?" म्हणाला, "तर जाईन, मम्मी. नाही बोलावलं तर सोमवारी फ्लाइट आहे."

त्याला बोलावणं आलं नाही.

त्या वर्षी संवत्सरीला तो घरी होता. प्रतिक्रमणानंतर मी त्याच्यापुढे हात जोडले आणि मनात इतके दिवस दडवलेलं सांगितलं. त्याच्या एसएसबीच्या दिवशी मी नवकाराची माळ फेरली होती, ती तो नापास व्हावा म्हणून. मिच्छामि दुक्कडम्.

तो हसला. "मला वाटलंच होतं," म्हणाला. "म्हणून मी दोन माळा फेरल्या होत्या."

पुढच्या महिन्यात शिबिर आहे. खाकऱ्याचे चार डबे, मेथीची चटणी, मुगाची भाजलेली डाळ. मेसमध्ये शाकाहारी मिळतं, पण बटाटा-कांद्याचं त्याचं त्याने बघायचं. नियम त्याचा आहे. माझं काम डबे भरायचं.