बॉनेट सरळ उभं राहतं

निगडी, पुणे
रविवार

प्रिय नंदे,

तुझं पत्र वाचलं. नाशिकच्या तुझ्या भाच्याला जुनी मर्सिडीज घ्यायचीय, घरचे हबकलेत, आणि 'विजू, तुझं बघूनच तो हट्टाला पेटलाय, आता तूच समजाव' असं तू मला बजावलंयस. समजावणार आहे, पण घेऊ नको असं नाही सांगणार. कशी बघून घ्यायची आणि घेतल्यावर तिच्याशी कसं वागायचं, ते सांगेन. तू स्टुटगार्टात राहतेस, नव्या कोऱ्या गाड्या रोज तुझ्या दारावरून जातात. तीस वर्षांच्या गाडीत एवढं काय आहे, असं तुला वाटणारच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी गाडी म्हणजे १९९५ची ई २२०. जाणकार तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. हे मॉडेल तिकडे जर्मनीत १९८४च्या अखेरीला आलं, त्याचं रूप ब्रूनो साक्को या डिझायनरच्या देखरेखीखाली ठरलं. आणि गंमत अशी की माझी गाडी तुमच्याकडची नाही, आमच्या पिंपरीची आहे! १९९४मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या डायम्लर-बेंझने आणि टाटांच्या टेल्कोने मिळून इथे कंपनी काढली आणि १९९५मध्ये टेल्कोच्याच आवारात हिची जुळणी सुरू झाली. सुटे भाग समुद्रावरून यायचे, जोडणारे हात इथले. ट्रकच्या निमित्ताने या दोन कंपन्यांची सोयरीक तर त्याहून जुनी, १९५४ची. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना फार नंतर झाला, २००९मध्ये. आमच्या सोसायटीत टेल्कोतून निवृत्त झालेले एक काका आहेत. माझी गाडी पहिल्यांदा आवारात आली तेव्हा ते चपला अडकवून खाली आले आणि काहीही न विचारता आधी बॉनेट उघडायला लावलं.

त्या बॉनेटपासूनच सुरुवात करू. बिजागरीपाशी एक खटका आहे. तो सोडला की बॉनेट आणखी वर जातं आणि काटकोनात, अगदी सरळ उभं राहतं. काच झाकली जाते, पण इंजिनावर दोन्ही बाजूंनी मोकळं वाकता येतं, उजेडही पडतो. ज्याने हे केलं त्याच्या मनात गाडी चालवणारा होता तसा ती दुरुस्त करणाराही होता. हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडलं की वर प्लास्टिकचं झाकण आणि त्याखाली काय आहे ते मालकाने बघूच नये असा बेत. त्यामुळे या जुन्या गाडीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तो वायपरच बघ. एकच आहे, पण काचेच्या कोपऱ्यांकडे जाताना लांब होतो आणि मध्ये आखूड. आत दातेरी चाकं आहेत. काचेचा ८६ टक्के भाग तो एकटा पुसतो. पहिल्या पावसात मी गाडी उभी करून नुसती त्याच्याकडे बघत बसले होते.

आता दुखण्याकडे येते. गाडी घेतली ती नव्या छोट्या गाडीच्या निम्म्याहून कमी पैशांत. पण लक्षात ठेव, जुन्या महाग गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. बहुतेक लोक इथेच बुडतात. थंड असताना माझं इंजिन छान चालायचं. तापलं की सिग्नलला उभं राहिल्यावर आरपीएमचा काटा वरखाली व्हायचा, गाडी थरथरायची, मध्येच बंद पडायची. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, हवा मोजणारा सेन्सर गेला. दुसऱ्याने सांगितलं, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. दोन्ही भागांचे आकडे ऐकून नवऱ्याने मला गाडी विकायचा सल्ला दिला. मी म्हटलं, थांब. कुठलाही भाग बदलायच्या आधी तो खरंच मेलाय का ते तर बघू.

नंदे, त्या वर्षांतल्या मर्सिडीजचा एक रोग आहे. साधारण १९९२ ते १९९५च्या काळात त्यांनी इंजिनवरच्या वायरींना पर्यावरणाला त्रास न देणारं म्हणून नवं आवरण वापरलं. हेतू चांगला होता, पण इंजिनाच्या धगीत काही वर्षांनी ते आवरण कडक होतं आणि झडतं. माझ्या गाडीतलं एम १११ इंजिन नेमकं त्यात सापडतं. मी पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या प्लगमागचं रबर मागे सरकवलं, तपकिरी वायर बोटाने हलकेच वाकवली, तर आवरण शेंगदाण्याच्या टरफलासारखं गळून हातात आलं. आत उघडं, काळं पडलेलं तांबं. शेजारच्या वायरीचं तेच. इंजिन हललं की दोघी एकमेकींना टेकत असणार आणि बिचारा ईसीयू इंजिन गार आहे की गरम याचाच हिशेब चुकवत असणार. मीटर लावला. जिथे दोन वायरींचा काही संबंध नको, तिथे मीटर पीं करून ओरडला. हवा मोजणारा सेन्सर शाबूत, ईसीयू शाबूत. दोघांवर नाहक आळ!

या वायरींचा अख्खा जुडगा, म्हणजे हार्नेस, तयार मागवता येतो, पण त्याच्या किमतीत आमची काशीयात्रा झाली असती. काकांनी वाट दाखवली. प्लायचा एक मोठा तुकडा घेतला, जुना हार्नेस सगळे फोटो काढून, प्रत्येक प्लगला चिठ्ठी बांधून गाडीतून काढला आणि खिळे ठोकून त्या प्लायवर जसाच्या तसा मांडला. कुठे वळतो, कुठून फाटा फुटतो, कुठल्या फाट्याची लांबी किती, सगळं पेन्सिलने प्लायवरच लिहिलं. मग एका वेळी एकच वायर. जुनी सोडवायची, तेवढ्याच लांबीची नि जाडीची नवी घालायची, मीटरवर दोन्ही टोकं तपासायची, मगच पुढची. वायर तपकीर गल्लीतल्या दुकानातून आणली. दुकानदाराला निक्षून सांगितलं की उष्णता आणि तेल दोन्ही सोसणारी हवी, घरातल्या फिटिंगची चालणार नाही. प्लग जुनेच ठेवले, ते चांगले होते.

वायरींच्या टोकांना डाग द्यायचा की धातूचे लग दाबून बसवायचे यावर मात्र काकांशी माझी चांगली जुंपली. डाग दिलेला सांधा दिसायला सुबक. पण कथील जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. म्हणून लगच दाबायचे, तेही पकडीने चेचून नाही, त्यासाठीच्या क्रिम्पिंग टूलने. आणि दाबल्यावर प्रत्येक लग ओढून बघायचा. काकांनी एकेक ओढून बघितला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या माणसाचा हात अजून लाइनवरच आहे.

जोडून झालं, बॅटरी लावली, चावी फिरवली. इंजिन तापू दिलं, एसी लावला, बराच वेळ तशीच उभी ठेवली. काटा जागचा हलला नाही. मी तुला सांगते, एवढा आनंद मला डिप्लोमाच्या निकालाला झाला नव्हता.

त्यानंतर मला धीर आला. या गाडीचं सेंट्रल लॉक हवेवर चालतं, ठाऊक आहे तुला? मागच्या सीटखाली एक छोटा पंप आहे, तो पातळ नळ्यांतून हवा ओढतो नाहीतर सोडतो आणि दारांची कुलुपं उघडतात-मिटतात. माझा पंप कुलूप लागल्यावरही घुमत राहायचा, म्हणजे कुठेतरी गळती. एकेक नळी चिमटीत दाबून बघत गेले. मागच्या डाव्या दाराची दाबली आणि पंप गप्प झाला. दाराचं पॅड काढलं, तर लॉकच्या भागातल्या पडद्याला चीर. काही गोष्टी तर याहून सोप्या. हिचे फ्यूज दोन्ही टोकांना उघडी पट्टी असलेले आहेत, त्या पट्टीवर गंज चढतो. एक काच खाली होत नव्हती. फ्यूज बोटाने जागच्या जागी फिरवला, काच चालू. मग सगळे फ्यूज नवे घातले.

पण सगळं आपण करायचं नाही. पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा खालच्या आर्मवर प्रचंड दाबाखाली बसवलेल्या असतात. योग्य कंप्रेसर नसताना त्या सोडवणं म्हणजे जिवाशी खेळ. ते काम मी अनुभवी मेकॅनिककडेच देते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणीही, कधीही शिरायचं नाही. खाली स्टँड लागलेच पाहिजेत. चाकांचे बोल्ट पायाने दाबून नाही, टॉर्क रेंचने ११० न्यूटन मीटरला आवळायचे. भाच्याला हे तिन्ही माझं नाव घेऊन दरडावून सांग.

तो गाडी बघायला जाईल तेव्हा रंगाची चकाकी बघून भुलू नये. टॉर्च घेऊन खाली वाकावं आणि दारांखालच्या प्लास्टिक पट्ट्यांमागे, जॅक लावायच्या जागी गंज आहे का बघावं. गाडी मुंबईत किंवा कोकणात राहिलेली असेल तर हे आधी. मग प्लगमागच्या वायरी वाकवून बघाव्या. एसी गार करत नसेल आणि मालक म्हणत असेल की 'फक्त गॅस भरा', तर सावध. आतला इव्हॅपोरेटर गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो. तेवढे पैसे किमतीतून वळते करून घ्यावेत. कागद नीट बघावेत. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, हरित कर भरावा लागतो. तो थकलेला असला की आरटीओत खेटे आले. आणि गाडी घेतल्याबरोबर तिच्यावर एकदम खर्च करू नये. महिनाभर चालवावी, वही करावी, कुठला आवाज कधी येतो, गार असताना की तापल्यावर, वळताना की ब्रेक दाबताना, ते लिहावं. गाडी स्वतःच बरंच सांगते.

आता तुझ्यासाठी एक काम. मागच्या डाव्या दाराच्या त्या लॉकच्या भागावर नंबर आहे, तो वेगळ्या कागदावर लिहून पाठवतेय. तिथल्या डीलरकडे नंबर दिला की जुन्या गाड्यांचे पुष्कळ भाग अजून मिळतात. मिळाला तर डिसेंबरात येताना घेऊन ये, वजनाला काहीच नाही.

मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर धाड.

तुझी,
विजू

ता.क. भाच्याने गाडी पक्की करायच्या आधी मला कळवावं, शनिवारी मीच नाशिकला जाते मीटर घेऊन. मालकाला एवढंच सांगून ठेवायचं, मी पोचेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. मला ते गार हवंय.